तेरेखोलच्या अलीकडे आणि पलीकडे

डिचोलीहून अस्नोड्यामार्गे कोलवाळच्या पुलाकडे येताना, खनिजाच्या मालमोटारींनी उधळलेली तांबडी धूळ अंगावर घेत ज्या मुलखातून निघून ज्या मुलखाकडे मी जात होतो, ते दोन्ही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलातून पोर्तुगीजांच्या हाती गेले: डिचोली १७८१ साली, पेडणे १७८८ साली. 'नव्या काबिजादी' म्हणून दफ्तरी नोंदल्या गेलेल्या या महालांत तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. त्यामुळे येथील देवळे शाबूत राहिली, त्यांची इनामे व मानपान राहिले, आणि त्याच वहिवाटीच्या आश्रयाने देवाला वाहिलेल्या स्त्रियांची, म्हणजे भाविणींची, चालही पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

पेडण्यास भगवतीच्या देवळापुढील दगडी हत्ती पाहत उभा असताना पिशवीतल्या कादंबरीचे स्मरण झाले, ते काहीसे अस्वस्थ करणारे होते. जयवंत दळवींची 'महानंदा' एका भाविणीच्या मुलीची आणि तिच्यावर जीव जडलेल्या सुशिक्षित तरुणाची कथा सांगते, शं. ना. नवरे यांनी तिच्यावरून 'गुंतता हृदय हे' नाटक रचले, आणि घाटावरच्या कित्येक प्रेक्षकांना भाविणीचे जिणे प्रथम कळले ते रंगमंचावरून. कादंबरी सहृदय आहे, यात संशय नाही. परंतु तिच्यातील डोळे सुट्टीत गावी आलेल्या तरुणाचे आहेत. त्या घराच्या आतून बाहेर पाहणारी नजर तीत फारशी नाही. याच पेडण्यात १९११ साली जन्मलेले आणि पुढे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर ज्या गोमंतक मराठा समाजातून आले, त्याने कलावंत, भावीण अशी जुनी नावे निग्रहाने टाकून नवे नाव धारण केले होते. लेखणीने मात्र जुनेच नाव धरून ठेवले.

हरमलवरून केरीस आलो, तेव्हा फेरीबोट नुकतीच सुटली होती. धक्क्यावर बसून दुसरे पुस्तक उघडले: फेरो बेटांच्या यॉर्गन-फ्रांत्स याकोबसेन यांची 'बार्बरा'. लेखक १९३८ साली क्षयाने गेला आणि कादंबरी पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाली. तिच्या मुळाशी दोन स्त्रिया आहेत. एक बेइंता, जिने एकामागून एक तीन धर्मोपदेशकांशी विवाह केले आणि जिला लोककथेने दुष्ट ठरविले. ती १७५२ साली वारली, म्हणजे तिला उत्तर देण्याची सोयच नव्हती. दुसरी लेखकाची प्रिय मैत्रीण एस्ट्रिड बॅनिस्टर. तिने मात्र पुढे ही कादंबरी स्वतःच इंग्रजीत आणली! आपल्यावरून घडविलेल्या पात्राच्या तोंडी स्वतःचे शब्द घालण्याचे भाग्य कितीजणींच्या वाट्यास येते? माझ्या मते प्रश्न नाव बदलण्याचा नाहीच, उलटून बोलता येण्याचा आहे.

बोट आली. नदी ओलांडून तेरेखोलच्या किल्ल्याखाली उतरलो. नदीच्या उत्तरेकडे असूनही ही जागा गोव्याच्याच हद्दीत आहे. तेथून रेडी, शिरोडे आणि दळवींचे आरवली. देवळात वेतोबाला वाहिलेल्या, हातभर लांबीच्या चामडी वहाणा रांगेने मांडलेल्या होत्या. रात्री देव त्या घालून गावची राखण करतो, म्हणून तळवे झिजतात, असे भाविक सांगतात. जवळच केळ्यांचे घड टांगलेले. एका वृद्ध गृहस्थांजवळ मी दळवींच्याच 'सारे प्रवासी घडीचे' या पुस्तकाचे नाव काढले, तेव्हा ते मिस्कील हसून म्हणाले, "नावां बदलल्यानी, पण माणसां आमी वळाकलंव."

त्या हसण्यात राग नव्हता. गावच्या तिरपागड्या माणसांवर लिहिणारा लेखक त्याच गावचा, त्याच पारावरचा. आगळीक झालीच तर जाब विचारायला शेजारी हजर. एकेका माणसाला नावाच्या बदलाने थोडा आडोसा तरी मिळतो. भाविणीच्या कथेत तो आडोसाही नाही, कारण तेथे नाव कोणतेही घाला, वाचक सगळ्या जमातीकडे बोट दाखवितो. आणि त्या घरातल्या बायका लेखकाच्या ओटीवर जाब विचारायला कधी आल्या असत्या? त्यांच्या बाजूने बोलले ते समाजसुधारक राजाराम पैंगीणकर, ज्यांनी याच समाजातून येऊन 'मी कोण?' हे आत्मचरित्र लिहिले. आणि मला तर ते कित्येक कादंबऱ्यांहून अधिक धीट वाटते.

परतताना शिरोड्याच्या बाजारात एका पुस्तकांच्या दुकानी चौकशी केली. 'महानंदा' फळीवर होती, तिच्या दोन प्रती होत्या. 'मी कोण?' हे नाव दुकानदाराने प्रथमच ऐकले. त्याने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले आणि म्हापशास विचारून पाहा, असे सांगितले.