तीन पत्रे आणि एक पोस्टकार्ड

गुरुदीक्षा होऊन जेमतेम तीन महिने झाले असतील. १९९८ सालच्या पावसाळ्यात सहायक धर्मगुरू म्हणून आम्ही प्रथम सोलापुरात आलो. पहिल्या रविवारच्या प्रवचनाची तयारी आम्ही आठवडाभर केली होती. सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान इंग्रजीतून शिकलेलो, त्यामुळे विचारही त्याच भाषेत येत. ते मराठीत उतरवून आम्ही चांगले अर्धा तास बोललो. मिस्सा आटोपल्यावर, विड्या वळून पोट भरणाऱ्या एका वृद्ध बाईंना आम्ही मोठ्या उमेदीने विचारले, "आजी, प्रवचन कसं वाटलं?" त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आवाज लई बेस हाय बघा फादर तुमचा." त्यापुढे काही बोलल्या नाहीत.

त्याच आठवड्यात त्या एक कोरे पोस्टकार्ड घेऊन आल्या. मुलगा भिवंडीला यंत्रमागावर कामाला होता आणि दोन वर्षांत घरी फिरकला नव्हता. घरात तेलुगू, पेठेत कानडी, चर्चमध्ये मराठी, अशा सोलापूरच्या मिश्र बोलीत त्या सांगत गेल्या आणि आम्ही ते 'शुद्ध' करून लिहीत गेलो. लिहिलेले वाचून दाखवताच त्या गोंधळल्या. "ह्ये कुणी लिवलंय म्हणून पोरगं इचारील की. मी बोलते तसं लिवा." आम्ही दुसरे कार्ड काढले. छप्पर गळते आहे, तुझी चादर पेटीत जपून ठेवली आहे, नाताळला ये. एवढाच मजकूर, पण या वेळी तो त्यांच्या शब्दांत.

त्या दिवसांत आम्हांला फादर थॉमस स्टीफन्स यांची वारंवार आठवण होई. 'ख्रिस्तपुराण'कर्ते म्हणून ते वाचकांच्या परिचयाचे आहेत. त्यांनी केलेली मराठीची स्तुती आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केली आहे. पण आमचे मन त्यांच्या पत्रांकडे ओढले गेले.

इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात १५४९च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. तो काळ तेथील कॅथलिकांच्या छळाचा होता. मित्र थॉमस पाउंड यांच्या नोकराच्या वेषात ते फिरत. पुढे पाउंड तुरुंगात पडले आणि स्टीफन्स रोम गाठून १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज २४ ऑक्टोबरला गोव्यास लागले. तिसऱ्याच आठवड्यात, १० नोव्हेंबरला, त्यांनी लंडनमधील आपल्या व्यापारी वडिलांना पत्र लिहिले. त्यात वादळे आहेत, उडणारे मासे आहेत, हिरड्या सुजवून माणसे मारणारा दर्यावरचा आजार आहे. अखेरीस या देशात लोक काय पितात हेही आहे: चांगले पाणी, माडाची दारू आणि नारळ. घरापासून दूर गेलेल्या मुलाने बापाला आणखी काय कळवावे? पुढे १५८९ साली हे पत्र हॅक्लुट यांच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले गेले आणि घरगुती मजकूर जगाचा झाला.

दुसरे पत्र १५८३ सालचे, पॅरिसमध्ये असलेल्या भावाला लॅटिनमध्ये लिहिलेले. येथील भाषांची रचना ग्रीक-लॅटिनशी मिळतीजुळती आहे, हे त्यात त्यांनी नोंदवले. सर विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात संस्कृतविषयी असेच विधान केले ते १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनंतर. व्यंजनाला स्वर जोडताच अक्षराचे रूप पालटते, याचेही फादरांना नवल वाटले होते.

परंतु याच वर्षाच्या १५ जुलैला कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय मारले गेले होते आणि त्यांचे देह मिळवून आणण्याच्या कामी स्टीफन्स होते. ही घटना सांगताना आपण बहुधा तेथेच थांबतो. त्याआधी साष्टीतील देवळे सत्तेच्या बळावर पाडली गेली होती, लोकांच्या मनात तो घाव ओला होता, हेही सांगितले पाहिजे. मृत्यू पावलेल्यांना आपण हुतात्मे मानतो. त्या गावकऱ्यांचे दुःख मान्य केल्याने त्यांचे हौतात्म्य उणे होत नाही. मित्रांचे देह उचलणारा माणूस त्याच लोकांची भाषा शिकत राहिला, त्यांच्याच ओवीत त्याने येशूची कथा रचली. सुमारे अकरा हजार ओव्या! द्वेषाने एवढी ओवी होत नाही, असे आम्हांला वाटते.

तिसरे पत्र डिसेंबर १६०८चे, रोममधील येशूसंघाच्या जनरलना. त्यात त्यांनी अनेक वर्षांची एक इच्छा सांगितली: या देशाच्या भाषेत आणि याच देशाच्या लिपीत पुस्तके छापली जावीत. अडचणही त्यांनी मांडली. युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, येथे सहाशे साचे लागतात. त्यांची ही इच्छा पुरी झाली नाही. १६१६ साली रायतूरला 'ख्रिस्तपुराण' छापले गेले ते रोमन लिपीत. १६१९ साली फादर वारले. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. छापील देवनागरी 'ख्रिस्तपुराण' मराठी वाचकांना मिळाले ते १९५६ साली, प्रा. शांताराम बंडेलू यांच्यामुळे.

अनेक वर्षांनी आम्ही धर्मगुरू म्हणून पुन्हा सोलापुरात आलो. आजी देवाघरी गेल्या होत्या. त्यांचा मुलगा मात्र येथेच भेटला. ते पोस्टकार्ड मिळाल्यावर तो नाताळला आला, तो परत गेलाच नाही. परवा त्याने आम्हांला विनंती केली, "फादर, गाण्यांचा कागद इंग्रजी अक्षरांत काढा ना. पोरांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही."

आम्ही प्रथम रागावलो. ज्या अक्षरांसाठी एका परदेशी फादरने रोमला अर्ज केला, ती आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहेत आणि आमची मुले ती टाकून बसली आहेत! राग ओसरल्यावर ध्यानात आले की, साचे मिळाले नाहीत म्हणून फादर स्टीफन्स ओव्या बासनात बांधून बसले नव्हते. लोकांच्या कानी कथा पडली पाहिजे, मग लिपी कोणतीही असो, हे त्यांनी ओळखले. मात्र आपली इच्छाही त्यांनी सोडली नाही. आपल्या अक्षरांवाचून पुस्तक काढावे लागले तरी त्या अक्षरांचा हक्क त्यांनी पत्रात मांडून ठेवला.

म्हणून आता रविवारच्या कागदावर गाणी दोन्ही लिप्यांत छापतो. शनिवारी संध्याकाळी त्या मुलांना घेऊन बाराखडी गिरवायला बसतो. सहा मुले येतात, कधी चार. आणि प्रवचन लिहून झाले की, ते त्या आजींना वाचून दाखवतो आहोत असे समजून एकदा मोठ्याने वाचतो. अजूनही पुष्कळ वेळा दुसरे कार्ड काढावे लागते.