पानांची गाठ

मराठीत ‘गाठ’ म्हणा, कन्नडात ‘गंटु’ म्हणा. या एका शब्दात किती निरनिराळे आजार दडलेले असतात, ते २०१९ साली वहिनीच्या दुखण्यात मला कळले.

तिच्या डाव्या स्तनात लिंबाएवढी गाठ होती. दुखत नव्हती, बोटाखाली सरकत होती. सुईच्या तपासणीत ‘फायब्रोॲडिनोमा’, म्हणजे साधी गाठ, असे निदान झाले. सगळ्यांना हायसे वाटले. शेजारच्या अक्कांनी लेपही सुचवला. पण तीन महिन्यांत ती मोसंबीएवढी झाली. हा वेग बेळगावच्या सर्जनांना खटकला. त्यांनी जाड सुईने तुकडा काढून बायॉप्सीला पाठवला. उत्तर आले : मॅलिग्नंट फायलोडिस ट्यूमर.

ग्रीक भाषेत ‘फायलॉन’ म्हणजे पान. गाठ कापली की आत पानांसारख्या घड्या दिसतात, म्हणून जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांनी १८३८ मध्ये हे नाव दिले. अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. थोड्या मारक निघतात. नेहमीचा कर्करोग दुधाच्या नलिकांतून उपजतो, हा मात्र त्यांच्या भोवतालच्या आधार देणाऱ्या पेशींतून. म्हणून त्याची वागणूक सार्कोमाची.

“काखेतल्या गाठी काढणार नाहीत, केमोही नाही. आशा सोडली की काय रे डॉक्टरांनी?” दादाने मला विचारले. सर्जनांनी अर्ध्या कन्नडात, अर्ध्या मराठीत उलगडून सांगितले. हा रोग काखेकडे क्वचितच जातो. तो रक्तावाटे फुप्फुसांत जातो. म्हणून आधी छातीचा सीटी स्कॅन. हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग नाही, केमोचा भरवसा थोडा. खरा उपाय शस्त्रक्रिया, तीही भोवतालचा निदान एक सेंटिमीटर निरोगी भाग घेऊन. गाठ मोठी असल्याने पूर्ण स्तन काढावा लागला. पुढे रेडिएशनही झाले.

वहिनी आज बरी आहे. तपासणीची तारीख जवळ आली की दादाचे जेवण तुटते. ती मात्र त्याला वाढून शांत बसते.

गेल्या वर्षी शाळेच्या माता-पालक मेळाव्यात ती म्हणाली, “भावजी, मी बोलते.” आमच्या घरात जो अवयव कोणी नावाने उच्चारला नव्हता, त्याचे नाव तिने दोन्ही भाषांत स्पष्ट घेतले. “दुखत नाही म्हणून थांबू नका. साधी म्हटलेली गाठ वाढू लागली, तर पुन्हा दाखवा.”

सभा संपल्यावर तीन बाया तिच्याभोवती रेंगाळल्या. मी दार ओढून घेतले आणि बाहेर आलो.