डब्यात बटणं आणि डोक्यात बिस्किटं

मुलाचं चुकलेलं उत्तर एवढं मोलाचं असतं, हे कळल्यापासून भेटेल त्याला तेच सांगत सुटलोय! आमच्या उल्हासनगर कॅम्प २मध्ये, गजानन मार्केटच्या गर्दीपासून जवळच, एका बालविकास मानसतज्ज्ञ बाईंच्या केंद्रात पालकांच्या परवानगीनं अख्खा दिवस बसलो. काय काम आहे हे!

सकाळी आजीच्या कडेवरून दहा महिन्यांचं बाळ आलं. धरूनही उभं राहत नाही म्हणून घर काळजीत. बाईंचा पहिलाच प्रश्न, "दिवस भरले होते का?" बाळ दोन महिने आधी जन्मलेलं! अशा बाळाचं वय डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजतात; म्हणजे हे आठच महिन्यांचं. मग सतरंजीवर लाल कडी, ठोकळे, घंटी आली. मला वाटलं खेळ, पण ती 'डासी' चाचणी होती. बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांच्या निरीक्षणातून तयार केलेली, अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी: हालचालींच्या ६७ आणि मानसिक वाढीच्या १६३ पायऱ्या! बाईंनी कडी रुमालाखाली लपवली. बाळानं रुमालच ओढला! दिसत नसली तरी वस्तू असते, हे त्याला उमगलं होतं.

दुपारी साडेतीन वर्षांची चिमुरडी. बिस्किटांचा डबा पाहून "बिस्किटं!" म्हणाली, उघडला तर आत शर्टाची बटणं. डबा बंद करून बाईंनी विचारलं, "बाहेर बसलेल्या दादानं आत बघितलं नाहीये. त्याला काय वाटेल?" "बटणं!" पाच वर्षांच्या दादाला आत बोलावून, डबा उघडून दाखवून तोच प्रश्न तिसऱ्याबद्दल विचारला. तो म्हणाला, "बिस्किटं. त्यानं कुठे बघितलंय?" दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं, अगदी चुकीचंही काही असू शकतं, ही समज साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास येते. ती येताना मी डोळ्यांनी पाहिली!

चुकलेल्या उत्तरांचं हेच मोल ओळखणारे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे १९२०च्या सुमारास पॅरिसमध्ये बुद्धिचाचण्यांच्या कामावर होते. बरोबर उत्तरांपेक्षा मुलं चुकतात कशी, यानंच त्यांना वेड लावलं, आणि त्यातून बालविकासाच्या मानसशास्त्राला नवी दिशा मिळाली. आपल्याकडे, बिने या मानसशास्त्रज्ञाची बुद्धिचाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली ती व्ही. व्ही. कामत यांनी.

केंद्रात एका आईनं आपल्या मुलाबद्दल विचारलं, "घरी सिंधी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, म्हणून हा बोलत नाही का?" बाई ठामपणे म्हणाल्या, "जास्त भाषांमुळे बोलणं अडत नाही. घरची भाषा सोडू नका. आधी कानांची तपासणी करून घ्या." चाचणीही त्या मुलाच्या घरच्या भाषेत घेतात.

संध्याकाळी रिपोर्ट लिहायला बसल्या. गुणांच्या आधी लिहिलं, मुलाला आज काय काय जमतं. शाळेसाठी वेगळं पत्र, घरी खेळायचे खेळ आईसाठी वेगळे. 'त्याचा मामाही उशिरा बोलला' म्हणत थांबलेल्या पालकांनो, थांबू नका. शंका आली की दाखवा, लवकर मदत मिळालेली मुलं खूप पुढे जातात. आणि आज रात्री पोरानं काही अजब सांगितलं, तर दुरुस्त करायच्या आधी विचारा, "तुला असं का वाटलं?" उत्तर ऐकून थक्क व्हाल!