अनटच्ड

मित्राने परवा फेसबुकवर देवकुंड धबधब्याचा फोटो टाकला आणि वर एकच शब्द लिहिला : अनटच्ड. फोटो सुंदर आहे, त्यात वाद नाही. मी खाली लिहिलं, "तू होतास, मी होतो, वाटाड्या होता, शंभरेक माणसं होती. अनटच्ड कसा?" लगेच त्याचा फोन. "तुला जिथे तिथे जात दिसते. धबधब्याला तरी सोड."

सोडलाही असता. पण त्या दिवशीची एक गोष्ट त्याने फोनवर काढली नाही, मीही काढली नाही. ती इथे लिहितो.

ऑक्टोबरातला रविवार. पावसाळ्यात माणसं बुडतात म्हणून प्रशासन देवकुंडला बंदी घालतं, त्यामुळे आम्ही पाऊस ओसरल्यावर निघालो. ताम्हिणी घाट उतरून वाटेतल्या एका गावात पोहे खाल्ले आणि दुपारचं जेवण सांगून ठेवलं. घरमालक वयस्कर, बोलायला गोड. तांब्या-पेला समोर ठेवत त्यांनी विचारलं, "आडनाव काय तुमचं?" मित्राने त्याचं सांगितलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत मित्र म्हणाला, "हा माझा मावसभाऊ."

मी गप्प बसलो. पेला भरला, पाणी प्यायलो.

माझा मित्र वाईट माणूस नाही. वीस वर्षांची ओळख आहे, त्याच्या आईच्या हातचं मी किती वेळा जेवलोय. मला कुणी काही बोलू नये म्हणूनच तो खोटं बोलला. पण ज्याला जात कुठेच दिसत नाही, त्याला त्या ओटीवर ती माझ्याआधी दिसली! आणि दरवर्षी २० मार्चला भाषण ठोकणारा मी? मला तेव्हा फक्त पोहे संपवायचे होते.

वाट भिऱ्याच्या धरणाच्या पाण्याकडेने जाते, मग जंगल, ओढे, मोठमोठे धोंडे. चालताना माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. मुळशीचं पाणी घाटाखाली आणून भिऱ्याला टाटांचं वीजघर सुरू झालं ते १९२७ साली. त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, तो सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच १९२७ साली, त्याच तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मग मनुवाद्यांनी ते तळं 'शुद्ध' करून घेतलं, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तळं खुलं करण्याचा आपलाच ठराव मागे घेतला, आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं. म्हणजे पाणी घाट उतरून मुंबईच्या गिरण्यांना वीज देऊ शकत होतं, महाडच्या माणसाच्या घशाखाली मात्र उतरू शकत नव्हतं. बरं, त्या गिरण्यांत तरी काय होतं? चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळ! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांना हा प्रश्न उचलावा लागला. पाण्याला जात नसते असं म्हणणाऱ्यांनी हा प्रवास एकदा नीट पाहावा.

हे मी मित्राला सांगितलं नाही. त्याची दमछाक झाली होती आणि ट्रायपॉड माझ्या खांद्यावर होता.

धबधबा दिसला आणि मीही सगळं विसरलो, खोटं कशाला बोलू. उभा कडा, वरून एकसंध कोसळणारं पाणी, खाली हिरवं-निळं कुंड, अंगावर येणारे तुषार. मित्राने फिल्टर लावला, शटर मंद केलं. असं केलं की फोटोत पाणी दुधासारखं दिसतं. पण त्याला चौकटीत माणूस नको होता. लोक बाजूला होईपर्यंत तो पाऊण तास थांबला. शेवटी एका दगडावर आमचा वाटाड्या तेवढा बसलेला राहिला. त्यालाही हाताने खूण : दादा, जरा सरक.

तो कातकरी पोरगा. येताना सांगत होता, बंदी असली की कमाई बंद, आणि दिवाळीनंतर घरातले सगळे वीटभट्टीवर जातात. त्याची वाडी याच डोंगराच्या पायथ्याशी. या जंगलाची प्रत्येक वाट त्याच्या माणसांच्या पायांनी पडलेली. तो सरकला, आणि फोटो अनटच्ड झाला.

ज्यांच्या आजोबांना 'अस्पृश्य' म्हटलं गेलं, त्यांना या शब्दाने गुदगुल्या होत नाहीत, एवढंच माझं कॉमेंटमध्ये म्हणणं होतं.

परतताना मी मित्राला म्हणालो, "मी त्यांना आडनाव सांगणार आहे." तो म्हणाला, "कशाला? जेवायचंय आणि निघायचंय." पानावर बसण्याआधी मी सांगितलं, "काका, मी याचा मावसभाऊ नाही." आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नाही, मित्राकडे पाहिलं. "बरं," म्हणाले आणि आत गेले. तांदळाची भाकरी आली, पिठलं आलं, गरम होतं, चवीला उत्तम होतं. पाणी मात्र सीलबंद बाटलीतलं आलं.

गाडीत मित्र म्हणाला, "अरे, शहरातल्या लोकांना बाटलीच देतात."

"सकाळी आपण कुठले होतो?"

तो काही बोलला नाही. बाटलीचे वीस रुपये त्यानेच दिले होते.