भिगवणचे रोहित आणि अंतराचा हिशेब

पुण्याहून सोलापूरच्या वाटेने सुमारे १०० किलोमीटर गेले की भिगवण येते. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्याने या परिसराचा चेहरामोहराच बदलला. शेते, वस्त्या आणि पळसदेवचे प्राचीन मंदिर पाण्याखाली गेले. त्याच पाण्याच्या उथळ काठांवर मात्र पाखरांचा नवा संसार उभा राहिला. हिवाळ्यात पाणी ओसरू लागले की चिखलाच्या पट्ट्या उघड्या पडतात आणि तेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. कुंभारगाव आणि डिकसळचे नावाडी मग भल्या पहाटेपासून पाहुण्यांना नावेत घेतात.

जानेवारीतील अशाच एका सकाळी कुंभारगावच्या काठावरून निघालेल्या नावेत एक कापडव्यापारी आणि त्यांची महाविद्यालयात शिकणारी मुलगी होती. वडिलांच्या हाती जुना डीएसएलआर कॅमेरा आणि १००-४०० मिलिमीटरची झूम लेन्स होती. या दोहोंच्या मध्ये नुकताच घेतलेला १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर बसवलेला होता. एवढ्याशा नळीने ४०० ची लेन्स ५६० ची होते, मग मोठ्या लेन्सवर लाखो रुपये कशाला घालवायचे, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

धुके विरले आणि गुडघाभर पाण्यात माना खाली घालून चरणारे रोहित दिसू लागले. व्यापाऱ्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली. फोकस मात्र कोठेच ठरेना. तीनदा तसेच झाले.

“दादा, नाव जरा पुढे घ्या,” ते म्हणाले.

नावाड्याने बांबू चिखलात रोवला. “शेठ, आणखी पुढं गेलो तर थवा उठंल. पाखरं चरायला आल्यात. हितनंच बघा, तासभर हलायची नाहीत.”

दोष पाखरांच्या अंतराचा नव्हता, उजेडाच्या जमाखर्चाचा होता. टेलिकन्व्हर्टर लांबी देतो, पण तिचे मोल प्रकाशात वसूल करतो. १.४ पटीचा कन्व्हर्टर निम्मा प्रकाश घेतो. २ पटीचा तीन-चतुर्थांश घेऊन केवळ एक-चतुर्थांश शिल्लक ठेवतो. ४०० मिलिमीटरवर त्या लेन्सचे सर्वांत मोठे अ‍ॅपर्चर एफ/५.६ होते, कन्व्हर्टर लावताच ते एफ/८ झाले.

डीएसएलआरचा ऑटोफोकस लेन्सच्या दोन विरुद्ध बाजूंनी येणारे किरण ताडून पाहतो आणि त्यांतील फरकावरून अंतर ठरवतो. बहुतेक साध्या कॅमेऱ्यांतील ही यंत्रणा एफ/५.६ पर्यंतच्या लेन्ससाठी बेतलेली असते. अ‍ॅपर्चर त्याहून लहान झाले की कडेचे किरण तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत आणि लेन्स चाचपडत राहते. काही वरच्या श्रेणीच्या कॅमेऱ्यांत एफ/८ वरही फोकस होतो, पण अनेकदा केवळ मधल्या बिंदूवर. म्हणूनच ७०-२०० एफ/२.८ सारख्या झूमला २ पटीचा कन्व्हर्टर लावला तरी ती एफ/५.६ वर थांबते आणि फोकस चालू राहतो. १००-४०० ला ती सवलत नसते. मिररलेस कॅमेऱ्यांत फोकसचे काम मुख्य सेन्सरच करतो, त्यामुळे तेथे एफ/११ वरही फोकस मिळू शकतो. तरी कमी उजेडात त्याची गती मंदावते. शिवाय प्रत्येक झूम कन्व्हर्टर मुकाट्याने स्वीकारत नाही. कॅननच्या आरएफ १००-५०० लेन्सवर तो चढवला की झूम ३०० च्या खाली आणताच येत नाही. खरेदीपूर्वी लेन्स, कन्व्हर्टर आणि कॅमेरा या तिघांचे जमते का, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे.

“पप्पा, एकदा तो काढून तर पाहा,” मुलगी म्हणाली. तिने ओढणीचा आडोसा धरला आणि व्यापाऱ्यांनी लेन्स झाकून धरत कन्व्हर्टर उतरवला. तेवढ्यात सात-आठ रोहित आपसूक उडाले. पंखांचा गुलाबी-काळा पट्टा उन्हात उघडला आणि या खेपेस फोकस क्षणात ठरला. चित्रात पाखरे लहान होती, पण पीसन् पीस स्वच्छ होते. असे चित्र घरी कडेने कापून मोठे करता येते; हुकलेला फोकस मात्र मागाहून सुधारत नाही.

कन्व्हर्टर वाया गेला असेही नाही. ऊन वर आल्यावर, नाव चिखलात स्थिर टेकलेली असताना, तो पुन्हा चढला. आता ऑटोफोकस बंद होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एका रोहिताचा डोळा मोठा करून, लेन्सचे कडे हातानेच हळूहळू फिरवत व्यापाऱ्यांनी तो नेमका टिपला. वाकडी चोच, तिच्यावरून निथळणारे पाणी, सारे त्या एका चित्रात आले. उडत्या पाखराला कन्व्हर्टरविना आणि संथ चरणाऱ्याला कन्व्हर्टरसह, असा त्या सकाळचा हिशेब जुळला.

परतताना व्यापाऱ्यांनी नावाड्याला ते चित्र दाखवले. त्याने पडदा तळहाताच्या सावलीत धरून निरखला आणि मान डोलावली. नाव काठाकडे वळली. मागे उरलेला थवा तसाच, माना खाली घालून, चरत होता.