भिंतीला टेकून उभे असलेले विद्यार्थी



तुमच्यापैकी अनेकजण दिवसभराची नोकरी, शेती किंवा घरकाम आटोपून रात्री हे पुस्तक उघडत असतील. अशा वेळी शिकणाऱ्या माणसांना शिकवण्याचा पहिला अनुभव मला अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यातील एका कम्युनिटी कॉलेजात आला. त्या अनुभवात आनंद पुष्कळ होता. परंतु माझ्या हातून घडलेली एक चूकही त्यात आहे. सद्हेतूने केलेली चूक ओळखायला माणसाला वेळ लागतो. मला ती ओळखायला एक पूर्ण सत्र लागले. तीच हकिकत आज तुम्हांला सांगायची आहे.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. ही दोन वर्षांची सार्वजनिक महाविद्यालये. अठरा वर्षे पूर्ण केलेल्या कोणालाही तेथे येता येते. प्रवेशपरीक्षा नाही, वयाची कमाल मर्यादा नाही. कोणी तेथे परिचर्येचा किंवा मोटारदुरुस्तीचा अभ्यासक्रम पूर्ण करतो, तर कोणी दोन वर्षे शिकून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात प्रवेश घेतो. 1960 साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा जो बृहत् आराखडा स्वीकारला, त्यात ही महाविद्यालये सर्वांसाठी उघडे असलेले दार मानली गेली. 1984 पर्यंत तेथे शिक्षणशुल्कही नव्हते.

या दाराची बिजागरी मात्र राज्याच्या तिजोरीला जोडलेली होती. 1978 साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मालमत्ताकराची मर्यादा करपात्र मूल्याच्या 1 टक्क्यावर आणली. स्थानिक उत्पन्न आटले आणि महाविद्यालये राज्यसरकारवर अधिकाधिक विसंबू लागली. राज्याचे उत्पन्न मुख्यतः आयकरावर अवलंबून. त्यामुळे मंदी आली की एकाच वेळी दोन गोष्टी घडतात : तिजोरी रिकामी होते आणि नोकरी गमावलेली माणसे नवे काही शिकण्यासाठी कॉलेजकडे वळतात. ज्या वर्षी पाऊस पडत नाही, त्याच वर्षी विहिरीवर गर्दी होते आणि त्याच वर्षी विहीर आटलेली असते. 2008 च्या मंदीनंतर नेमके हेच झाले. शुल्क प्रत्येक श्रेयांकाला 20 डॉलर होते. ते 2009 मध्ये 26, 2011 मध्ये 36 आणि 2012 मध्ये 46 डॉलर झाले. पण शुल्कापेक्षाही मोठी अडचण वेगळीच होती. वर्गात जागाच नव्हती.

मी तेथे अर्धवेळ शिक्षिका होते. प्राथमिक बीजगणिताची संध्याकाळची तुकडी माझ्याकडे होती. अर्धवेळ शिक्षकाला तासाप्रमाणे मानधन मिळते आणि पुढच्या सत्रात काम मिळेलच याची शाश्वती नसते. आपल्याकडील तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांची जी अवस्था, तीच ही. माझा एक सहकारी आठवड्यात तीन कॉलेजांत शिकवत असे. त्याच्या मोटारीची डिकी हेच त्याचे कार्यालय होते. एका कप्प्यात एका कॉलेजच्या उत्तरपत्रिका, दुसऱ्यात दुसऱ्याच्या आणि कडेला जेवणाचा डबा.

2009 च्या ऑगस्टमधील पहिला तास मला अजून आठवतो. वर्गाची मर्यादा पस्तीस विद्यार्थ्यांची होती. मी दार उघडले तेव्हा पस्तीस खुर्च्या भरलेल्या होत्या आणि भिंतीला टेकून आणखी कितीतरी माणसे उभी होती. ती प्रतीक्षायादीतील होती. शिक्षकाने परवानगी दिली तरच त्यांना प्रवेश मिळणार होता. हॉटेलात खोल्या साफ करणारी एक बाई कामाच्या गणवेशातच आली होती. इराकमधून परतलेला एक तरुण सैनिक होता. परिचारिका होऊ पाहणारी, दोन मुलांची एक आई होती. बीजगणित उत्तीर्ण झाल्याशिवाय तिला पुढच्या अभ्यासक्रमासाठी अर्जही करता येणार नव्हता. त्याआधीच्या सत्रातही तिला जागा मिळाली नव्हती.

मी अकरा जणांना घेतले. खुर्च्या शेजारच्या वर्गातून आणल्या. छायाप्रतींवर मर्यादा आली होती, म्हणून सरावपत्रिका स्वखर्चाने काढल्या. शनिवारी ग्रंथालयात बसून शंका सोडवल्या. त्याचे मानधन अर्थातच नव्हते. घरी परतताना मन प्रसन्न असे. आपण काहीतरी चांगले करत आहोत, असे वाटे. आणि ते चांगलेही होते. ती आई त्या सत्रात उत्तीर्ण झाली.

पुढच्या सत्राचे वेळापत्रक आले, तेव्हा संध्याकाळच्या तीन तुकड्यांऐवजी दोनच छापल्या होत्या. कारण विचारले तर साधे उत्तर मिळाले : एका तुकडीत सेहेचाळीस विद्यार्थी नीट शिकतात हे दिसले आहे, मग तिसऱ्या तुकडीचा खर्च कशाला? बंद झालेली तुकडी माझ्या त्या सहकाऱ्याची होती. सेवाज्येष्ठतेच्या यादीत तो माझ्याखाली होता. भेटला तेव्हा तो मला काही बोलला नाही. डिकीतील एक कप्पा रिकामा करत होता. त्याने मला फक्त उरलेल्या सरावपत्रिका दिल्या. "तुला उपयोगी पडतील," एवढेच म्हणाला.

मित्रहो, त्या क्षणी मला जे उमगले ते मांडणे सोपे नाही. मी अकरा माणसांसाठी दार उघडले होते, आणि तसे करताना दार अरुंद झाले आहे ही गोष्टच झाकून टाकली होती. तूट पैशाची होती; ती मी माझ्या शनिवारांनी भरून काढली आणि हिशेब जुळल्यासारखा दिसू लागला. हिशेब जुळला म्हणताच तो आणखी कापता येतो, हे कात्री चालवणाऱ्याला लगेच कळले. मला ते नंतर कळले.

यावर विभागाच्या बैठकीत मोठा वाद झाला. एका ज्येष्ठ प्राध्यापिकेचे मत होते की, मर्यादेपेक्षा एकही विद्यार्थी घेऊ नये; टंचाई लोकांना दिसू द्यावी. दुसरे म्हणाले, "टंचाई दाखवण्यासाठी समोर उभ्या असलेल्या माणसाला परत पाठवायचे? त्याच्या आयुष्यातील एक वर्ष आपण कशासाठी खर्च करायचे?" दोघांचेही खरे होते, म्हणूनच तो वाद कठीण होता. मी माझी गोष्ट सांगितली. सांगताना आवाज कापत होता, कारण माझा सहकारी त्या बैठकीत नव्हता. ज्याचे काम गेले, त्याला बैठकीचे निमंत्रण जात नाही.

अखेरीस तीन गोष्टी ठरल्या. पूर्णवेळ प्राध्यापक नेमून दिलेल्या कामापलीकडे ज्या जादा तुकड्या अधिक मानधनावर शिकवत, त्या त्यांनी आधी सोडायच्या, म्हणजे अर्धवेळ शिक्षकांचे काम टिकेल. ज्येष्ठ प्राध्यापिकेनेच आपली जादा तुकडी सर्वांत प्रथम सोडली. दुसरे, मर्यादेबाहेर किती विद्यार्थी घ्यायचे हे कोणी एकट्याने ठरवायचे नाही. सर्वांनी मिळून एकच आकडा ठरवायचा. तिसरे, जागेअभावी परत गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद ठेवायची आणि ती संख्या विश्वस्त मंडळाच्या प्रत्येक सभेत वाचून दाखवायची. एवढ्याने तूट भरून निघाली नाही. पुढच्या वर्षीही तुकड्या कमी झाल्या. परंतु आता त्या सर्वांच्या डोळ्यांदेखत कमी होत होत्या.

राज्यभर असेच आकडे जमत गेले. चार वर्षांत कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतील विद्यार्थिसंख्या सुमारे पाच लाखांनी घटली. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये शिक्षणासाठी विक्रीकर किंचित आणि श्रीमंतांचा आयकर अधिक वाढवण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला. अनेक शिक्षक सुट्टीच्या दिवशी दारोदार फिरले. मी परदेशी नागरिक, मला मताधिकार नव्हता. पण परिचारिका होऊ पाहणाऱ्या त्या आईला होता, आणि मतदान करून आल्याचे तिने मला मुद्दाम कळवले. सुमारे 55 टक्के मतांनी तो प्रस्ताव मंजूर झाला.

त्यामुळे प्रश्न कायमचा सुटला असे मी म्हणणार नाही. 2021 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजमध्ये शंभराहून अधिक पूर्णवेळ शिक्षकांच्या नोकऱ्यांवर गंडांतर आले, तेव्हा तेथील शिक्षकसंघटनेने एका वर्षासाठी 4 ते 14 टक्के वेतनकपात स्वीकारून त्या नोकऱ्या वाचवल्या. पुढच्याच वर्षी कॉलेजने 38 पूर्णवेळ शिक्षकांना कमी केले. त्यागाने काळ विकत घेता येतो. व्यवस्था विकत घेता येत नाही. तरीही तो त्याग व्यर्थ होता असे मला वाटत नाही, कारण तो सर्वांनी मिळून आणि उघडपणे केला होता. किती टक्के, कोणासाठी, किती दिवस, हे सारे कागदावर होते. माझ्या शनिवारांची नोंद मात्र कोठेच नव्हती.

आता मी महाराष्ट्रात परतले आहे आणि रविवारी एका अभ्यासकेंद्रात शिकवते. तुमच्यासारखे विद्यार्थी लांबून एसटीने येतात. कधी एखादा तास रद्द होतो, कधी पुस्तके उशिरा पोचतात, कधी शिक्षकाचे मानधन थकते. अशा वेळी आपण एकमेकांना सांभाळून घेतो. ते घ्यावेच, शिकण्याची भूक थांबवून ठेवता येत नाही. फक्त एक विनंती आहे. सांभाळून घेताना काय कमी पडले, ते लिहून ठेवा आणि मिळून विचारा. पहिल्या तासाला वर्गात पाऊल टाकताना माझी नजर अजूनही आधी भिंतीकडे जाते. तेथे कोणी उभे नसेल तर मला हायसे वाटत नाही. यायचे होते ते परत तर गेले नाहीत ना, हा प्रश्न मनात येतो, आणि मी हजेरीपटाआधी प्रतीक्षायादी मागून घेते.