कोऱ्या द्रावणाची साक्ष

प्रयोगशाळेतून परतलेल्या मुलाला ‘काय शोध लावलास?’ असे विचारण्याची आपल्याकडे रीतच आहे. आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीला गेल्या उन्हाळ्यात हा प्रश्न गल्लीभर ऐकावा लागला. विज्ञानशाखेच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा आटोपताच ती बंगळूरच्या एका संस्थेत, जैवसंवेदकांच्या प्रयोगशाळेत, दोन महिने काम करून आली. या अंकासाठी आम्ही तिच्याकडे लेख मागितला, तेव्हा ती म्हणाली, “बाई, लिहिण्यासारखे काहीच घडले नाही.” तिची हकीगत ऐकल्यावर आमचे मत निराळे झाले. म्हणून, कलाशाखेचे पदवीधर असूनही, हे धाडस आम्हीच करीत आहोत.

जैवसंवेदक हा शब्द अवघड असला, तरी वस्तू घरोघरी आहे. आमच्या कोंकणीत ज्याला ‘गोडेंमूत’ म्हणतात, त्या मधुमेहाचे रोगी बोट टोचून रक्ताचा थेंब ज्या पट्टीला लावतात, ती पट्टी जैवसंवेदकच होय. या विद्येचा पाया अमेरिकेतील लेलँड क्लार्क यांनी घातला. द्रावणातील प्राणवायू मोजणारा विद्युदग्र, म्हणजे इलेक्ट्रोड, त्यांनी १९५६ साली पुढे आणला आणि १९६२ साली लायन्स या सहकाऱ्यासह त्यावर विकराचा थर बसविण्याची कल्पना मांडली. ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर बुरशीपासून मिळते. अनेक शर्करांतून ते ग्लुकोज तेवढे वेचून घेते आणि प्राणवायूच्या साहाय्याने त्याचे रूपांतर करते. या क्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होते. विद्युदग्राशी ते आपले इलेक्ट्रॉन सोडते आणि सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहू लागतो. ग्लुकोज जितके अधिक, तितका प्रवाह अधिक. हा प्रवाह अँपिअरच्या दशलक्षांश भागांत मोजावा लागतो.

मे महिन्यात आम्हांला बंगळूरला जाण्याचा योग आला, तेव्हा आम्ही तिची प्रयोगशाळा पाहिली. मोठमोठी यंत्रे पाहण्याच्या अपेक्षेने गेलेल्या आम्हांला ती मान खाली घालून काहीतरी घासताना आढळली. मिरीच्या दाण्याहून लहान अशी प्लॅटिनमची चकती मखमली कापडावर, ॲल्युमिनाच्या ओल्या भुकटीत, ती इंग्रजी आठाच्या वळणाने फिरवीत होती. प्रथम १ मायक्रॉन कणांची भुकटी, मग ०.३ ची, अखेरीस ०.०५ ची. चवथीच्या आधी समया चिंचेने घासणाऱ्या आमच्या आईची आम्हांला आठवण झाली.

घासणे संपल्यावर कोरे द्रावण आले. ज्यात साखर मुळीच नाही, अशा द्रावणात विद्युदग्र बुडवून प्रवाह मोजावयाचा, तोही पुन्हा पुन्हा. “जे घातलेच नाही ते मोजायचे कशाला?” असे आम्ही विचारले. ती म्हणाली, “बाई, साखर नसताना आकडा कुठे उभा असतो हेच ठाऊक नसेल, तर साखर घातल्यावर तो किती हलला हे कसे सांगणार?”

पाचव्या आठवड्यात तिचा संवेदक ग्लुकोजच्या सर्व द्रावणांना चोख उत्तरे देऊ लागला. आलेखावरचे बिंदू एका सरळ रेषेत बसले. त्या सायंकाळी केवळ खातरजमा म्हणून तिने कोऱ्या द्रावणात ‘क’ जीवनसत्त्व घातले. साखरेचा कणही नसताना संवेदकाने साखर दाखविली! ज्या विभवावर पेरॉक्साइड इलेक्ट्रॉन सोडते, त्याच विभवावर ‘क’ जीवनसत्त्वही सोडते. रक्तात ते असतेच. यूरिक आम्लही असते. आणि तापावर घेतलेले पॅरासिटॅमॉल असू शकते. तज्ज्ञांना ही अडचण जुनीच, पण तिला ती नवी होती.

त्या रात्री तिचा फोन आला. आवाज खोल गेला होता. ही चाचणी तिला कोणी सांगितली नव्हती. ती वहीत नोंदली नसती, तर कोणी विचारलेही नसते. आम्ही काय सल्ला द्यावा याचा विचार करीत होतो, तोच ती आपणहून म्हणाली, “बाई, आमची आजी असल्याच आकड्यावर इन्सुलिन टोचून घेते.” आकडा खोटाच चढा दिसला आणि त्यावर विसंबून इन्सुलिन अधिक घेतले गेले, तर रक्तातील साखर धोक्याइतकी उतरते. तिने नोंद केली.

उरलेले दिवस त्या एका नोंदीमागे गेले. विद्युदग्रावर तिने नाफिऑन या बहुवारिकाचा पातळ थर दिला. या थरावर ऋणभार असतो. रक्तासारख्या द्रावणात ‘क’ जीवनसत्त्व आणि यूरिक आम्ल हीही ऋणभारित असल्यामुळे दूर लोटली जातात. भाररहित ग्लुकोज आत जाते. पॅरासिटॅमॉलही भाररहित, त्यामुळे तेही आत शिरतेच. चूक पुष्कळ घटली, नाहीशी झाली नाही. अखेरच्या दिवशी सर्वांसमोर तिने दोन्ही तक्ते मांडले, थराआधीचा आणि थरानंतरचा.

बाजारातील पट्ट्या या अडचणी जाणूनच घडवितात. १९८४ साली ब्रिटनमधील संशोधकांनी फेरोसीनचा मध्यस्थ वापरून कमी विभवावर ग्लुकोज मोजून दाखविले, तेव्हापासून ही वाट रुंदावली आहे. तरीही कोणत्या औषधाने आकडा बिघडू शकतो, हे पट्ट्यांसोबतच्या पत्रकात दिलेले असते. घरी मधुमेही माणूस असेल, तर विद्यार्थ्यांनी ते पत्रक त्यांना वाचून दाखवावे.

अशी संधी आणखी कोणाला हवी असल्यास, देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उन्हाळी संशोधनासाठी शिष्यवृत्ती देत आल्या आहेत, हे ध्यानात असू द्यावे. तयारी मात्र शाळेतच करता येते. आपल्या प्रयोगशाळेत उत्तर आधी शेजाऱ्याकडून जाणून घ्यावयाचे आणि निरीक्षणे मागाहून भरावयाची, ही प्रथा सर्वांनाच ठाऊक आहे. तिने गुणही मिळतात. परंतु येत्या वर्षी जर्नलात जसे दिसले तसेच लिहावे, आणि उत्तर जुळले नाही तर ते का जुळले नाही याच्या दोन ओळी खाली जोडाव्यात. त्या दोन ओळी आम्ही आवर्जून वाचू.